पारा अजून निथळतोय

आमच्या संग्रहालयाच्या जुन्या नोंदवहीत त्या आरशाबद्दल एकच ओळ आहे : 'आरसा थोर, सोनेरी, विलायती, नग १.' वरच्या ओळीत वेत तुटलेल्या खुर्च्या, खालच्या ओळीत हंड्या-झुंबरं. १९४८ साली दक्षिणी संस्थानं विलीन झाली, तेव्हा वाड्यावाड्यांतलं सामान ज्या घाईनं मोजलं गेलं त्या घाईतलंच हे अक्षर असावं. आरसा कुणी घेतला, कुठून आणला, काय किंमत पडली, कशाचाच पत्ता नाही.

मी लाकूड आणि सोन्याचा वर्ख यांवर संवर्धनाचं काम करते. जुने देव्हारे, तसबिरींच्या चौकटी, क्वचित एखादी पालखी. हा आरसा माझ्या वाट्याला आला तोही चौकटीमुळेच. नव्या दालनाची तयारी चालू होती आणि कार्यालयातून आलेल्या कागदावर कामाचं स्वरूप असं होतं : 'साफसफाई करणे, सोनेरी रंग देणे, काच बदलणे.' यातलं पहिलं काम झालं, पण कागद लिहिणाऱ्याच्या मनात होतं तसं नाही. उरलेली दोन का झाली नाहीत, ते सांगते.

आरसा उंच माणसाच्याही डोक्यावर जाणारा. माथ्याला मोठा शिंपला, त्याच्या दोन्ही अंगांनी उतरणारी कातरलेली पानं, मधेमधे फुलांच्या माळा, आणि शिंपल्याखाली एकमेकांकडे तोंड करून बसलेले दोन पक्षी. डावीकडच्याला चोच नाही. काच एकसंध नव्हती. खाली मोठा तुकडा, वर लहान, आणि सांध्यावर बारीक सोनेरी पट्टी. एवढी मोठी काच एका तुकड्यात घ्यायची तर किंमत कितीतरी पटींनी वाढायची, म्हणून पूर्वी पुष्कळ ठिकाणी अशी जोडकाच लावत. काचेत उभं राहिलं की आपण दिसायचो खरे, पण धुक्यात उभे असल्यासारखे. खालच्या कडेला राखाडी ठिपक्यांची दाट नक्षी होती, वर मात्र बरीच स्वच्छ. डाग खालीच का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

आमच्या ज्येष्ठ संवर्धक मॅडम काही बोलण्याआधी टेबलावरचा कोरा कागद उचलून आरशापुढे धरतात. मला म्हणाल्या, "कागदाकडे बघू नकोस, आतल्या कागदाकडे बघ. काय रंग दिसतो?"

"मळकट. निळसर राखाडी."

"मग आधी तेवढं लिहून ठेव. काच बदलायची नाही."

आरशामागे चांदी असेल तर पांढऱ्या कागदाचं प्रतिबिंब किंचित पिवळट दिसतं. कथील आणि पारा असेल तर ते थंड, निळसर दिसतं. घरातल्या आरशाशेजारी जुना आरसा ठेवला तर हा फरक कुणालाही कळेल. दुसरी परीक्षा पेन्सिलीची. टोक काचेच्या अगदी जवळ न्यायचं आणि टोक व त्याचं प्रतिबिंब यांतलं अंतर बघायचं. काच जितकी जाड तितकं हे अंतर जास्त. आमच्या आरशात ते वर एक आणि खाली दुसरंच होतं, म्हणजे दोन्ही तुकड्यांची जाडी सारखी नव्हती. कडेची पैलूदार घासणीही हातानं केलेली, रुंद आणि उथळ. बोट फिरवलं तर ती कुठे सुरू होते ते नीट लागत नाही. हल्लीची यंत्रावरची पैलूदार कड बोटाला लगेच टोचते.

हे आरसे बनत कसे, ते कळल्याशिवाय पुढचं लागणार नाही. गुळगुळीत दगडी मेजावर कथलाचा अगदी पातळ पत्रा अंथरायचा, सुरकुती राहू द्यायची नाही. त्यावर आधी थोडा पारा चोळायचा, मग भरपूर ओतायचा. पाऱ्याच्या त्या थरावरून धुतलेली, पुसलेली काच एका कडेनं सरकवत न्यायची, म्हणजे मधे हवा अडकत नाही. वर वजनं ठेवायची. जास्तीचा पारा कडेच्या पन्हळीतून निघून जातो. मग मेज एका बाजूनं थोडं थोडं उचलत न्यायचं, म्हणजे उरलेला निथळतो. मोठ्या आरशाचं हे निथळणं आठवडेच्या आठवडे चाले. काचेमागे उरतो तो कथील-पाऱ्याच्या बारीक स्फटिकांचा थर, आणि त्या स्फटिकांच्या फटींत अडकलेला थोडा द्रव पारा. हा द्रव कधीच पुरता जात नाही. आरसा भिंतीवर उभा आहे तोवर तो खाली उतरतच राहतो, कारखान्यातून निघून शंभर-दीडशे वर्षं झाली तरी. कडेनं पारा उडून जातो, मागे राहिलेलं कथील हवेनं गंजतं, आणि खालच्या बाजूला स्फटिक मोठे होत जाऊन काच रवाळ दिसू लागते. डाग खालीच का, ते एवढंच.

या रीतीनं सोळाव्या शतकापासून व्हेनिसजवळच्या मुरानोत आरसे बनत. व्हेनिसचं सरकार ही विद्या बाहेर जाऊ नये म्हणून कारागिरांवर पहारे ठेवी. तरीही फ्रान्सनं काही कारागीर फोडलेच, आणि १६६५ साली चौदाव्या लुईच्या राजवटीत तिथे आरशांचा शाही कारखाना निघाला. व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल १६८४ साली पुरा झाला, त्यात ३५७ आरसे आहेत आणि त्यांतले बरेच आजही पाऱ्याचेच आहेत. झगमगाटाची ही बाजू सगळे सांगतात. दुसरी बाजू जर्मनीतल्या फ्युर्थ गावची. तिथे आरशांना पारा लावणाऱ्या कामगारांचे हात थरथरत, हिरड्या सडत, दात पडत. आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरनं या कामगारांना तपासून १८६१ साली पाऱ्याच्या विषबाधेवर मोठा ग्रंथ लिहिला. चांदीचा पातळ थर काचेवर रसायनानं बसवण्याची जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांची रीत तोवर निघाली होती, पण पाऱ्याची रीत पुरती सुटायला एकोणिसावं शतक संपत आलं. म्हणून संग्रहालयात पाऱ्याचा आरसा दिसला की तो साधारण त्याच्या आधीचा समजायला हरकत नसते.

चौकटीनंही वयाचा अंदाज दिला. पानं लाकडात कोरलेली वाटत होती, पण भिंगातून पाहिलं तर डावीकडचं तिसरं पान आणि उजवीकडचं तिसरं पान हुबेहूब एक. कोरक्या माणसाच्या हातून अशी दोन पानं निघत नाहीत. शिवाय प्रत्येक पानाला ठराविक अंतरावर आडव्या बारीक भेगा. म्हणजे खडूची पूड, सरस, जवसाचं तेल आणि राळ यांचा गरम लगदा साच्यात दाबून ही नक्षी काढलेली आणि मग लाकडी चौकटीवर चिकटवलेली. एकोणिसाव्या शतकात युरोपात असा माल ढिगानं तयार होई. आपल्याकडच्या राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांत सोनेरी म्हणून जे मिरवतं त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं, आणि हे बोलून दाखवलं की संस्थानिकांच्या वंशजांचे चेहरे पडतात. मला स्वतःला त्यात काही कमीपणा वाटत नाही. साचा कोरणाराही कारागीरच असतो.

आरसा भिंतीवरून उतरवायचा दिवस ठरला. पाऱ्याचा आरसा कधी आडवा करायचा नाही, उलटा तर नाहीच, कारण आतला द्रव नवीन वाटेनं पसरतो आणि चांगल्या भागावरही डाग पडतात. म्हणून तो जसा टांगलेला होता तसाच उभा सरकवत, चाकांच्या घोडीवर टेकवत न्यायचा होता. खाली कडा उचललेलं जाड प्लास्टिक अंथरलं. नायट्राइलचे हातमोजे, पाऱ्याच्या वाफेसाठी वेगळी गाळणी असलेले मुखवटे, सगळ्या खिडक्या उघड्या आणि पंखा बाहेर हवा फेकणारा. मॅडमनी दारातच स्टीलचा डबा ठेवला होता. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र, सगळं त्यात. पारा सोन्याला लागला की सोनं त्यात विरघळतं, दागिना पांढरा पडून ठिसूळ होतो.

आमचे सुतारकाका कानाला हात लावून उभे. "मॅडम, ही भिकबाळी निघायची नाही हो. लग्नाच्या आधीपासून आहे."

"मग काका, तुम्ही वरची बाजू धरा. खाली वाकायचं काम आमचं."

काकांनी आरसा उतरवताना ओठ असे घट्ट मिटले होते की जणू श्वास सोडला तरी थेंब पडेल.

मागची फळी काढली तेव्हा काच आणि लाकूड यांच्यामध्ये लोकरी कापडाची पट्टी निघाली. कीड लागून जाळी झालेली, पण जागच्या जागी. काचेची पाठ करड्या धातूसारखी उघडी, तिच्यावर रंगाचा हात नाही. चांदीच्या आरशाच्या पाठीवर चांदी जपायला रंग दिलेला असतो, इथे तो नसणं हाही पाऱ्याचाच पुरावा. आणि चौकटीच्या खालच्या खाचेत, धुळीत लोळलेले, पाऱ्याचे थेंब. मोठा थेंब मुगाच्या दाण्याएवढा, बाकीचे मोहरीसारखे. धूळ बसल्यामुळे ते चमकत नव्हते; मला तर प्रथम उंदराच्या लेंड्या वाटल्या.

पारा झाडूनं लोटायचा नाही आणि व्हॅक्यूमनं तर मुळीच ओढायचा नाही. यंत्र त्याची वाफ करून खोलीभर उडवतं. मोठे थेंब सिरिंजनं ओढून जाड काचेच्या बाटलीत घेतले, वर पाणी घातलं आणि बूच घट्ट बसवलं. अगदी बारीक मणी उरले त्यांवर गंधकाची पूड. मॅडम म्हणाल्या, "आमचे आजोबा वैद्य होते. खलात पारा-गंधक घोटून कज्जली करायचे. इथे घोटता येत नाही, म्हणून नुसतं भुरभुरवून विश्वास ठेवायचा नाही, उचलायचं." ती बाटली पुढे घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडे गेली. त्या पावतीसाठी जेवढे कागद लागले तेवढे आरशासाठीही लागले नव्हते.

खाच रिकामी झाल्यावर जे दिसलं त्यानं माझं काम बदललं. चौकटीच्या आतल्या खालच्या कडेला वीतभर लांबीचा पट्टा सोनेरी नव्हताच, फिकट रुपेरी होता. मी तो आजवर झिजलेला समजत होते. तो झिजलेला नव्हता. वरून उतरलेल्या पाऱ्यानं तिथलं सोनं खाल्लं होतं. वर्खाची जाडी साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, त्याला पाऱ्याचा एक थेंब पुष्कळ झाला. आपल्याकडचे मुलामा देणारे कारागीर हेच मुद्दाम करत : सोनं पाऱ्यात कालवून भांड्यावर लावायचं आणि आचेवर पारा उडवायचा. इथे आरशानं आपल्याच चौकटीवर ते उलट्या दिशेनं केलं होतं. कागदावर लिहिलं होतं त्याप्रमाणे त्यावर सोनेरी रंग फासला असता, तर आरसा आत काय करतो आहे याची एवढी स्वच्छ खूण बुजली असती. तो पट्टा तसाच ठेवायचा असं आमचं ठरलं. नुसता स्थिर केला, पातळ सरस सोडून.

फळीच्या आतल्या बाजूला बोरूनं लिहिलेल्या मोडीतल्या दोन ओळी होत्या. मला मोडी अक्षर लावून वाचता येतं, पण वेग नाही आणि भरवसाही नाही. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी, ते जमिनीची जुनी दफ्तरं वाचून देतात, चष्मा वर करून एका दमात वाचलं : 'दिवाणखाना, उत्तर अंग. जोड पैकी.' म्हणजे आरसा एकटा नव्हता. नोंदवही 'नग १' म्हणत होती. जोडीतला दुसरा कुठे, हा शोध तेव्हा बाजूला ठेवला, कारण पावसाळा तोंडावर आला होता आणि चौकटीवरचा सोनेरी रंग तसाच होता.

सोनेरी रंग म्हणजे पितळेची भुकटी घातलेला डबाबंद रंग. कधीतरी कुणा मोठ्या पाहुण्याच्या स्वागताला कुणीतरी मारलेला. पितळ हवेनं काळवंडतं, म्हणून काही वर्षांत ती चौकट शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाची झाली होती आणि खोबणीत हिरवट. त्याच्याखाली खरं सोनं होतं. उंचवट्यांवर पाण्यानं बसवलेला वर्ख : खडू आणि सरसाच्या पांढऱ्या थरावर तांबड्या चिकणमातीचा हात, त्यावर वर्ख, आणि वाळत आला की अकीक दगडानं घोटून चकाकी. खोलगट भागात तेलावर बसवलेला वर्ख, तो घोटता येत नाही म्हणून मंद. उंचवटे उजळ आणि खोबणी मंद, हा खेळ मूळ कारागिरानं ठरवून केलेला होता. एकाच डब्यातल्या रंगानं तो सपाट झाला होता.

अडचण अशी की पाण्यावरचा वर्ख पाण्यानं निघतो. ओल्या फडक्याचा एक हात फिरला की सोनं, तांबडी माती, सगळं फडक्यावर. जुन्या चौकटींच्या शिंपल्या-फुलांच्या टोकांवर जो तांबूसपणा दिसतो, त्यातला बराचसा पिढ्यान्‌पिढ्यांच्या दिवाळीच्या साफसफाईचा असतो. म्हणून आधी मऊ ब्रशनं धूळ सुटी केली, मग द्रावण घट्ट जेलमध्ये धरून, नखाएवढ्या जागी ठेवून, रंग मऊ झाला की कापसाच्या बोळ्यानं उचलायचा. कोणतं द्रावण, किती वेळ, हे दर वितीला नव्यानं तपासायचं. हाताच्या तळव्याएवढा भाग उघडला की दिवस संपायचा आणि डोळे दुखायचे. या कामाबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही. रेडिओ लावायचो.

काचेवरून मात्र बैठक झाली. वयोवृद्ध विश्वस्त होते, मनानं चांगले, संग्रहालयावर जीव असलेले. ते म्हणाले, "अहो, लोक तिकीट काढून येणार आणि आरशात तोंड दिसणार नाही?"

मॅडम म्हणाल्या, "तोंड बघायला खाली स्वच्छतागृहात उत्तम आरसा आहे, दादासाहेब."

हशा पिकला, पण त्यांचा मुद्दा हशात उडवण्यासारखा नव्हता. आरसा हा वापराचा जिन्नस. त्यात दिसत नसेल तर तो कशाचा आरसा? मला यावर पुष्कळ विचार करावा लागला. चौकट आणि काच मिळून ही एक वस्तू आहे, आणि त्यातली काच जास्त दुर्मीळ आहे. अशी चौकट आजही कुणी करून देईल. पाण्यासारखी किंचित हलणारी, हातानं घासलेली काच आणि तिच्यामागचा कथील-पाऱ्याचा थर आता कुणी करत नाही आणि करूही नये. नवी काच घातली की आपण सोनेरी चौकट दाखवू, तो जुना आरसा नाही. शिवाय हे धुकट प्रतिबिंब म्हणजे निकामी झालेलं यंत्र नव्हे. हंड्या-झुंबरांच्या काळी दिवाणखान्यात आरसा लावत तो निम्मा उजेडासाठी; मेणबत्त्यांचा, तेलाच्या दिव्यांचा उजेड दुप्पट करण्यासाठी. ते काम तो अजून करतो. शेवटी ठराव झाला तो एका ओळीचा : 'काच आहे तशी ठेवणे.' दादासाहेबांनी सही केली, नाराजीनं.

यानंतरची डागडुजी भराभर झाली. पोपडे सुटलेला पांढरा थर कोमट सरसानं बसवला, निखळलेली पानं जागी लावली, लोकरीच्या पट्टीऐवजी रसायन न सोडणारं मऊ अस्तर दिलं, जुनी फळी मोडीच्या ओळींसह परत लावली. खालच्या खाचेत काढता येणारी पन्हळ बसवली, उतरलेला पारा साठायला. चोचीचं काय करायचं ते कळत नव्हतं. तिथे साच्यातून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि अंदाजानं चोच करणं मला पटत नव्हतं; पोपट म्हणावा तर मान लांब, हंस म्हणावा तर अंग आखूड.

जोडीतला दुसरा आरसा सापडला तो आमच्याच आवारात. जुन्या कार्यालयाच्या जिन्यावर. वर्षानुवर्षं सगळे कर्मचारी आत जाताना त्याच्यात भांग नीट करत आले होते, मीसुद्धा. चौकटीला गडद तपकिरी ऑइलपेंट फासलेला, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. एके दिवशी सुतारकाकाच वर बघून म्हणाले, "मॅडम, तो पक्षी." शिंपल्याखाली दोन पक्षी, दोघांनाही चोच. आत नवी लख्ख काच, एकसंध, पाठीवर रंग दिलेली. कधी बदलली त्याची नोंद नाही. त्याच्या डावीकडच्या पक्ष्यावरून सिलिकॉनचा साचा घेऊन चोच काढली. ती वर्खानं नव्हे, जलरंगानं जुळवली, म्हणजे पुढे कुणाला काढायची झाली तर ओल्या बोळ्यानं निघेल. (बाकदार निघाली. पोपटच असावा.)

आता दोन्ही आरसे नव्या दालनात उत्तरेच्या भिंतीवर शेजारी आहेत, मोडीतल्या ओळीप्रमाणे. त्यांच्यामध्ये दोरीला पांढरं जाड कार्ड बांधलंय. लोक ते आधी एका आरशापुढे धरतात, मग दुसऱ्यापुढे, आणि रंगातला फरक कळला की शेजारच्याला बोलावून दाखवतात. फोटो सगळे नव्या काचेत काढतात. दादासाहेबांनीही काढला. पन्हळ आम्ही दर महिन्याला, मुखवटा लावून, तपासतो. पावसाळ्यात दालनाची आर्द्रता सांभाळण्याची यंत्रणा बंद पडली तर सरस आणि खडूचा थर फुगतो, म्हणून तेव्हा रोज.

गेल्या आठवड्यात कार्यालयातून नवा कागद आलाय : 'जोडीतील दुसऱ्या आरशाची काच पहिल्याप्रमाणे जुनी दिसेल अशी करून घेणे.' मॅडमनी त्यावर अजून उत्तर दिलेलं नाही. मी दुसऱ्याच्या चौकटीवरचा ऑइलपेंट डावीकडच्या तिसऱ्या पानापासून काढायला घेतलाय.